छत्रीवाल्या घोड्याचं प्रकरण

१

माणसाचा आवाज हीच त्याची खरी ओळख, आणि ती त्याच्यापासून कुणीही हिरावून घेऊ शकत नाही. असं संस्थेच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरात कोरलेलं होतं. सोमवारी सकाळी संगमरवर जागच्या जागी होता. आवाज तेवढे गेले होते.

संस्था म्हणजे आवाजपेढी. घशाच्या ऑपरेशननंतर ज्यांचं बोलणं कायमचं बंद होणार, अशी माणसं ऑपरेशनआधी इथे येत. गादीच्या भिंतींच्या एका खोलीत बसून ठरावीक वाक्यं वाचत. त्या वाचनावरून पुढे खालच्या मजल्यावरचं यंत्र त्यांच्यासारखं बोलायला शिके. माणसाने फोनवर टाइप करायचं, फोनने त्याच्याच आवाजात बोलायचं. कल्पना सुंदर होती. वाक्यं मात्र भाषेतले सगळे ध्वनी यावेत म्हणून कुणा विद्वानाने रचलेली होती. ‘उंच झाडाखाली एक घोडा छत्री धरून ठामपणे उभा आहे’ हे त्यातल्या त्यात समजूतदार. घशात गाठ असलेली माणसं आयुष्यातलं शेवटचं मोठ्याने बोलणं म्हणून हे बोलून जात.

अशी चाळीसच्या वर वाचनं साठली होती. यंत्राचं काम हळू, त्यामुळे बहुतेक जण रांगेत होते.

चोरी उघडकीला आली ती शिंप्यामुळे. त्याचं ऑपरेशन गेल्या हिवाळ्यात झालं, जखम भरली, आणि आज त्याचा नंबर लागला होता. तोवर तो काळ्या अस्तराच्या तुकड्यावर कापड बेतायच्या खडूने लिहून बोलत असे. लिहिलेलं त्याची बायको मोठ्याने वाचून दाखवी, शिव्या गाळून.

“हे विचारताहेत, अजून किती वेळ लागेल,” बायको म्हणाली. अस्तरावरचा मजकूर याच्या तिप्पट होता.

“झालंच हं,” रेकॉर्डिंगताई म्हणाली. वाचनं घेण्याचं काम तिचं. तिने कॉम्प्युटरवर शिंप्याचं वाचन उघडायला घेतलं, आणि मग नुसतीच यादी वरखाली सरकवत राहिली.

“ताई, आज होईल ना हो नक्की?” बायकोने विचारलं. “सासूबाईंचे दोन्ही डोळे गेलेत, थोडं विसरायलाही होतं. ह्यांना त्या आवाजावरनंच ओळखायच्या. आता हे जवळ जाऊन बसले की ओरडतात, घरात कुणी तरी शिरलंय म्हणून. हात धरला तर झिडकारतात. दिवसभर एकच, माझा मुलगा कुठे गेला ते सांगा.”

“फोनमध्ये तयार आवाज असतो की एक,” ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

“बाईचा आहे तो. लावून बघितला. सासूबाई म्हणाल्या, ह्याने दुसरी आणली.”

शिंप्याने अस्तरावर झरझर काही तरी लिहिलं.

“हे मी वाचणार नाही,” बायको म्हणाली.

ताईने शेवटी मान वर केली. शिंप्याचं वाचन नव्हतं. त्याच्या आधीच्याचं नव्हतं, नंतरच्याचं नव्हतं. सबंध साठ्यात एकच वाचन शिल्लक होतं, आणि ते होतं संस्थेचे संचालक डॉक्टरसाहेब यांचं. डॉक्टरसाहेबांचा घसा ठणठणीत होता.

२

त्याच सकाळी संस्थेत एक बाई येऊन बसल्या होत्या. संस्थांकडे असलेली माहिती किती धोक्यात आहे हे मोजून देणं हा त्यांचा धंदा. शुक्रवारी वार्षिक सभा होती आणि त्याआधी ‘सर्व काही ठीक’ अशी त्यांची सही हवी होती. पेन काढायच्या आत त्यांना तपासाला जुंपण्यात आलं.

“टोळीचं काम आहे,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “हल्ली दुसऱ्याच्या आवाजात फोन करून लोकांना फसवतात. आमच्याकडे चाळीस आवाज तयार! चोराला आयतं कोलीतच मिळालं.”

“डॉक्टर, चोर आवाजाची नक्कल करून नेईल. मूळ कशाला पुसेल?” बाई म्हणाल्या. “चोरी झाल्याचं कुणाला कळू नये, यातच त्याचा फायदा. हे पुसून गेलेत.”

“मग कुणी तरी सूड उगवला.”

“कुणी?”

डॉक्टरसाहेबांनी डोळ्यांपुढे कर्मचारी आणले. ते भराभर पुढे सरकले असावेत, कारण उत्तर लगेच आलं. “रेकॉर्डिंगताईचं पद कमी करायचं चाललंय. कॉम्प्युटरवाल्याने नवी सामग्री मागितली, ती नाकारली. पण माणसं चांगली आहेत हो.”

“आणि तुमचंच वाचन तेवढं कसं राहिलं?”

“उद्घाटनाला मीच पहिला बसलो होतो. नमुना म्हणून. माझंच कसं राहिलं हे मलाही कळत नाही. तुम्ही माझ्यावर…?”

“मी सगळ्यांवर,” बाई म्हणाल्या. “त्याचेच पैसे घेते.”

बाहेर हॉलमध्ये एक भलामोठा फलक होता. त्यावर रंगीत कार्डं टोचलेली. प्रत्येक कार्ड म्हणजे संस्थेच्या माहितीवरचा एक धोका. तो किती शक्य आहे याला पाचपैकी गुण, घडला तर नुकसान किती याला पाचपैकी गुण, दोहोंचा गुणाकार. गुणाकार मोठा आला की लाल कार्ड, मधला आला की पिवळं, लहान आला की हिरवं. फलकाचे राखणदार म्हणजे एक निवृत्त विमा अधिकारी. संस्थेत त्यांना टाचणीकाका म्हणत. वर्षभरापूर्वी ते आले तेव्हा फलक लालभडक होता. आता सगळा हिरवा होता. अगदी हिरवळीवर उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

“शाबास, काका,” बाई म्हणाल्या.

“कसचं काय. चोरी झालीच ना,” काका खिन्नपणे म्हणाले. त्यांना आता चोरीसाठी नवं लाल कार्ड टोचायचं होतं, आणि लाल कार्डं संपली होती. ते टाचण्यांच्या बरणीत बोटं घालून चाचपू लागले आणि स्वतःशीच पुटपुटले, “फडताळातल्या बरणीत ढग भरून ठेवू नका.”

“काय म्हणालात?”

“काही नाही. असंच बसलंय तोंडात.”

एवढ्यात आतून कॉम्प्युटरवाला धावत आला. सगळे त्याला पासवर्ड म्हणत, कारण तो भेटेल त्याला पासवर्ड बदलायला सांगे. “मॅडम,” तो म्हणाला, “पुसलंय कधी ते सापडलं. पण एक विचित्र आहे. पुसायच्या आधी ज्याने पुसलं त्याने प्रत्येक वाचन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलंय.”

३

पासवर्डची खोली इतकी थंड होती की तो भर दुपारी स्वेटर घालून बसे. यंत्रांना गरम सोसत नाही म्हणून. त्याला थंडी सोसत नव्हती, पण त्याचा विचार खरेदीच्या वेळी झालेला नव्हता.

“चोरून पुसलं असेल तर रात्री पुसतील. हे भर दुपारी,” तो म्हणाला. “काही आठवडे. रोज थोडी थोडी. जेवणाच्या सुट्टीत नाही, शनिवारी नाही.”

“म्हणजे चोर हजेरीपटावरचा आहे. कुणाच्या नावाने आत शिरला?”

पासवर्डने स्वेटरची बाही ओढली. “‘कार्यालय’ या नावाने.”

“हे ‘कार्यालय’ कोण?”

“सगळेच. म्हणजे प्रत्येकाला वेगळं दिलं होतं मी, पण ते विसरतात. मग डॉक्टरसाहेब म्हणाले, एक सामाईक करून टाक.”

“आणि त्याचा पासवर्ड?”

“हॉलमधल्या टेबलाच्या काचेखाली आहे,” पासवर्ड म्हणाला आणि भिंतीकडे पाहू लागला. काही नावं माणसाला फार महाग पडतात.

“फलकावर हे कार्ड हिरवं आहे,” बाई म्हणाल्या.

“कर्मचारी विश्वासू असल्याने शक्यता एक. असं लिहिलंय खाली.”

“बरं, दुसरी प्रत ठेवता ना कुठे?”

“शेजारच्या इमारतीत! अगदी हुबेहूब. इथे जे जे होतं ते ते तिथेही आपोआप होतं.”

“आरशासारखं.”

“अगदी आरशासारखं, मॅडम.”

“मग आरशासमोरचा माणूस उठून गेला तर आरशात काय राहतं?”

इथे पुसलेलं प्रत्येक वाचन तिथेही इमानेइतबारे पुसलं गेलं होतं.

दाराशी शिंप्याची बायको येऊन उभी होती. मागे शिंपी. त्यांना कुणी घरी जा म्हटलं नव्हतं, आणि ते जायला तयारही नव्हते.

“साहेब, अगदी जुनी, कुठे तरी राहून गेलेली एखादी नसेल का हो? आमच्याकडे नाही का, चिंध्यांच्या पोत्यात कधी चांगला तुकडा निघतो.”

पासवर्ड ताडकन उभा राहिला. “आहे! डिस्क आहे! उन्हाळ्यात मी स्वतः सगळ्या वाचनांची एक प्रत काढून ठेवली होती. हौसेने. कुणी सांगितलं नव्हतं.”

शिंप्याने बायकोचा दंड धरला. पासवर्डने खालचा खण ओढला. खणात स्वेटरचं एक जुनं बटण होतं, आणि एक फोटो. फोटोत एक हातोडा होता आणि त्याखाली डिस्कचे तुकडे.

“विसरलोच होतो,” पासवर्ड हळू आवाजात म्हणाला. “काकांनी सांगितलं, उघड्या खणातली डिस्क म्हणजे लाल कार्ड. कुलपाचा खण मागितला तर मंजूर होईना. मग फोडली. पुरावा म्हणून फोटो लागतो.”

शिंप्याने फोटो हातात घेऊन नीट पाहिला. कापडाचा पोत बघावा तसा. मग परत खणात ठेवला.

४

गादीच्या भिंतींच्या खोलीत रेकॉर्डिंगताई दिवा न लावता बसली होती.

“मला वाटलंच होतं तुम्ही माझ्याकडे याल,” ती बाईंना म्हणाली. “ऐकून मग पुसणारा म्हणजे आवाजांवर जीव असलेला, असंच ना?”

“तुमचा आहे?”

“रागावू नका, पण नाही. रोजचंच आहे. ते वाचतात तेव्हा मी सुया बघते, यंत्राच्या. आवाज ऐकत बसले तर रडायला येईल आणि ते रेकॉर्ड होईल.” ताईने नाक पुसलं. “नोकरी जाणार हे मला माहीत आहे. पण म्हणून मी लोकांच्या तोंडचा शब्द काढून घेईन का?”

“तुमच्याशिवाय ही वाक्यं कुणाकुणाला पाठ असतील?”

“कुणालाच नाही. आधी दाखवायचीच नसतात. तयारी करून वाचलं की शाळेतल्या भाषणासारखं होतं. कागद माझ्याकडे, खोली बंद, भिंती अशा. बाहेर बॉम्ब पडला तरी आत कळणार नाही, आणि आतला घोडा बाहेर.” तिने कागद पुढे केला. “हे बघा. घोडा. मग हा धोबी, बर्फाला इस्त्री करणारा. मग हे, फडताळातल्या बरणीत ढग भरून ठेवू नका.”

बाईंनी कागद हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“काय झालं?”

“काही नाही. तुम्हाला शिंप्याचं वाचन आठवतं का?”

“ते एकच आठवतं. घाईत वाचलं त्यांनी, गिऱ्हाईक खोळंबल्यासारखं. घोड्याला हसले. आणि सगळं संपल्यावर कागदात नसलेलं एक वाक्य बोलले. ‘आई, मी आलोय गं.’ दुकानातून घरी गेले की दारातून तसं म्हणायचे म्हणे रोज. नियमाने ते मी कापायला हवं होतं.”

“कापलंत?”

“ठेवलं. कुणाला त्रास होणार होता त्याचा?” ताई म्हणाली.

बाई उठल्या. चाळीस माणसांनी वाचलेली तीच ती वाक्यं, एकामागून एक, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सूड घेणारा एवढं ऐकत नाही. चोर ऐकत नाही. जीव असलेला माणूस ऐकेल, पण पुसणार नाही. कंटाळा न करता ऐकेल आणि मग शांतपणे पुसेल असा माणूस जगात एकाच प्रकारचा असतो. ज्याला प्रामाणिकपणे गुण द्यायचे असतात.

“सगळ्यांना हॉलमध्ये बोलवा,” त्या म्हणाल्या. “आणि शिंप्याला घरी पाठवता आलं तर बघा.”

शिंपी हॉलमध्येच बसला होता. तो हलला नाही.

५

फलकापाशी खुर्च्या मांडल्या. डॉक्टरसाहेब, ताई, पासवर्ड आणि टाचणीकाका. कडेच्या बाकावर शिंपी आणि त्याची बायको.

“काका,” बाई म्हणाल्या, “बरणीत ढग कुणी भरतं का?”

काका हसले. “अहो, त्या पाठातलं वाक्य आहे ते. इतक्यांदा ऐकलं की डोक्यातून जाता जात नाही. घरी परवा सुनेला म्हणालो, झाडाखाली घोडा उभा आहे. ती खिडकीत जाऊन बघून आली.”

कुणी हसलं नाही. काकांच्या ते लक्षात आलं, कारण कळलं नाही.

“कुठे ऐकलंत?”

“इथेच. दुपारी, कानात यंत्र घालून. दुबार प्रती कमी करायच्या होत्या ना.” ते उठून फलकापाशी गेले आणि एका हिरव्या कार्डावर बोट ठेवलं. “हे बघा. ‘वाचनाच्या प्रती बाहेर जाणे.’ हे एकच लाल उरलं होतं. कुलपं मागितली, मिळाली नाहीत. फायलींवरची नावं काढून आकडे घातले, थोडं पिवळं झालं. मग लक्षात आलं, एकच मजकूर चाळीसदा साठवलाय! मी ताईंना विचारलं, सगळे तेच वाचतात ना? त्या हो म्हणाल्या.”

“मी हो म्हणाले,” ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला असावा, कारण तिने तोंडावर हात ठेवला.

“मग डॉक्टरसाहेबांकडे प्रस्ताव ठेवला. दुबार प्रती काढणे, खर्च शून्य. त्यांनी तिथल्या तिथे सही केली.”

“खर्च शून्य होता,” डॉक्टरसाहेब म्हणाले.

“पण आंधळेपणाने नाही हं काढल्या मी,” काका बाईंना म्हणाले. इतकं काम करूनही ते कुणी विचारलं नव्हतं, आज विचारत होते, आणि त्यांचा चेहरा उजळला होता. “एकेक पूर्ण ऐकली. न ऐकता कसं काढणार? एखादीत काही वेगळं असलं तर? आणि सगळ्यांत स्वच्छ होती ती ठेवली. खोकला नाही, घरघर नाही. पहिल्या नंबरची.”

डॉक्टरसाहेबांनी नकळत गळ्याला हात लावला.

“सगळ्यांच्या सारख्याच होत्या?” बाईंनी विचारलं. हा प्रश्न विचारायला नको होता हे त्यांना विचारतानाच कळलं.

“मजकूर सारखाच. एकीत तेवढं शेवटी एक वाक्य जास्तीचं होतं. मला आठवतं, खणखणीत आवाज, कापड टरकावल्यासारखा. ‘आई, मी आलोय गं.’ मूळ मजकुरात नव्हतं ते. म्हणून ती प्रत सदोष धरली.”

बाकावरून काही आवाज आला नाही. तिथून येणारही नव्हता.

काकांनी आधी बाकाकडे पाहिलं. मग ताईकडे. मग पुन्हा बाकाकडे, आणि या खेपेला अस्तराच्या तुकड्याकडे.

“पण आवाज गेले म्हणाला होतात तुम्ही,” ते म्हणाले. “चोरी झाली म्हणालात. मी म्हटलं, खालच्या यंत्रातले आवाज गेले असतील. हे तर पाठ होते. नुसते आकडे होते त्यांच्यावर.”

“खालचं यंत्र या पाठांवरूनच शिकायचं, काका,” पासवर्ड म्हणाला.

“मला कुणी खाली नेलं नाही कधी.” काका खुर्ची चाचपत बसले. त्यांच्या हातात एक टाचणी राहिली होती.

“प्रती नाहीशा झाल्या तर, याला नुकसानाचे गुण किती दिले होते?” बाईंनी विचारलं.

“एक. मजकूर ताईंकडे छापील आहे. संस्थेचं काय नुकसान?”

“आणि शिंप्याचं?”

काकांनी बराच विचार केला. ते खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. “शिंपी आपल्या आस्थापनेवर नाही,” ते म्हणाले.

सगळ्यांनी बाकाकडे पाहिलं. शिंप्याच्या मांडीवर अस्तर पसरलेलं होतं, बोटांत खडू होता.

“काय लिहिलंय त्यांनी?” डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

“काही लिहिलेलं नाही,” बायको म्हणाली.

६

शुक्रवारच्या सभेला बाईंनी अहवाल दिला. त्यांनी आजवर पुष्कळ संस्था मोजल्या होत्या. आग, पूर, चोर, फितूर, सगळ्यांचे गुण त्यांना तोंडपाठ होते. नुकसान म्हणजे कुणाचं, हा रकाना त्यांच्याही तक्त्यात नव्हता. अहवाल लिहिताना त्यांनी तो हाताने आखला. सभेतल्या एका ज्येष्ठ सभासदाने शंका काढली, की जोखीम म्हणजे पुढे जे घडू शकतं ते, घडून गेलेलं जोखमीत कसं धरणार? यावर चर्चा झाली. मुद्दा बरोबर होता. आवाज गेल्याचं नवं कार्ड फलकावरून काढण्यात आलं.

उरलेल्या चाळीस घरी पत्रं लिहायची जबाबदारी ताईने मागून घेतली. पत्रं संपली तेव्हाच तिचं पदही कमी झालं. पासवर्डने सगळ्यांना वेगवेगळे पासवर्ड दिले आणि कुणी विसरलं की ओरडायचं सोडून दिलं.

टाचणीकाकांनी राजीनामा दिला. मग एक दिवस ते शिंप्याच्या दुकानात माफी मागायला गेले. शिंपी मशीन थांबवून समोर उभा राहिला. काकांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. शिंप्याला ती अडचण ओळखीची होती. तो थोडा वेळ थांबला, आणि माणूस नुसताच उभा आहे म्हटल्यावर त्याने गळ्यातली टेप काढली. काका शर्टाचं माप देऊन घरी आले.

डॉक्टरसाहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी शिंप्याला निरोप धाडला, की माझा आवाज शिल्लक आहे, चालत असेल तर तो घ्या. आपलं अर्धं मूत्रपिंड देत असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. शिंप्याच्या बायकोने तिथल्या तिथे नको सांगितलं. शिंप्याने अस्तर ओढून घेतलं आणि लिहिलं. या वेळी तिने एकही शब्द न गाळता वाचलं.

“आईला मुका माणूस घरात नको असतो. ती घाबरते. कुणाचाही चालेल. पुरुषाचा असला की झालं.”

खालच्या यंत्राला डॉक्टरसाहेबांचा आवाज शिकायला फारसा वेळ लागला नाही. वाचन स्वच्छ होतं.

पहिल्या संध्याकाळी शिंपी दुकानातून आला, चपला काढल्या आणि दारातच उभा राहून फोनवर टाइप केलं. त्याची बोटं कात्रीला सरावलेली, त्यामुळे वेळ लागला. आतल्या खोलीत आई पलंगावर बसली होती. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन थांबली, हातातलं भांडं तसंच धरून.

“आई, मी आलोय गं,” फोन म्हणाला. आवाज भारदस्त होता, सभेत शोभेलसा.

आईने मान वळवली. ती घाबरली नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पलंगाच्या कडेला सरकून जागा केली.

“या ना, बसा,” ती म्हणाली. “मुलगा येईलच माझा एवढ्यात.”

तेव्हापासून ती त्याला अहोजाहो करते.